आईच्या वतीने

आई भारतातून आली की तिच्या वतीने मीच बोलतो. एअरपोर्टवर, डॉक्टरच्या रिसेप्शनवर, सुपरमार्केटच्या काउंटरवर. समोरचा तिच्याकडे बघून विचारतो, उत्तर मी देतो. बाईंनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. पण इंग्लंडात, आमच्या ब्रॅकनेलमध्ये, त्यांना तोंडच नाही, असं मी धरून चाललो होतो.

फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्ही तिघं स्कॉटलंडला गेलो, मी, आई आणि माझी लेक. क्रॉस-कंट्री स्कीइंगला. डोंगरावरून सुसाट खाली येतात ते नव्हे; हे जंगलातल्या सपाट वाटेवर, बर्फातून घसरत घसरत चालणं. कल्पना माझी. डॉक्टर माझ्या पोटाबद्दल बोलल्यापासून मी ऑफिसात दिसेल त्याला ऐकवत होतो, गुडघ्यांवर ताण नाही, सगळं अंग हलतं, नातवापासून आजीपर्यंत कुणालाही जमतं.

स्की भाड्याने देणाऱ्याने आईला बुटाचा नंबर विचारला.

"नो, नो, शी विल सिट," मी म्हणालो.

"बसते की," आई म्हणाली. तिच्या हातात थर्मास देऊन तिला बाकावर बसवलं आणि आम्ही दोघं निघालो. दीड तास.

परत आल्यावर पार्किंगमध्ये लेक म्हणाली, "बाबा, तू आजीला विचारलंस का? ती रोज प्रॅक्टिस करते. वर, जिन्यापाशी. मोजे घालून, दोन छत्र्या घेऊन."

माझ्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर वरच्या कार्पेटवर काहीतरी घासल्याचा आवाज यायचा, आणि मी खालून ओरडायचो, "आई, पाय उचलून चाल, पडशील!"

"अगं, मग बोलली का नाहीस?" मी आईला विचारलं.

"तू सांगून मोकळा झालास ना त्याला. परक्या माणसासमोर तुला खोटं पाडू?"



दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर मी तोंड शिवून उभा राहिलो.

"फाइव्ह," आई म्हणाली.

सलवारीवर नातीची वॉटरप्रूफ पँट चढवून ती निघाली. हळू, पण एकदाही न अडखळता. काठ्या छत्र्यांसारख्याच धरलेल्या. वळणावर थांबून तिने मागे पाहिलं. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला ब्रॅकनेलमध्ये पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मी आडवा झालो. नंतर आणखी दोनदा. तिसऱ्या वेळी कमरेत उसण भरली.

स्की परत करताना त्या माणसाने मला विचारलं, उद्या येणार का? मी तोंड उघडलं.

"ही विल सिट," आई म्हणाली. "आय विल कम."

तिसऱ्या दिवशी थर्मास माझ्याकडे होता. बाक ओला होता, गारठा थेट हाडात शिरत होता, आणि येणारे-जाणारे माझ्याकडे सहानुभूतीने बघून पुढे जात होते. दीड तास. मधूनच घड्याळ बघितलं, तर वीसच मिनिटं झाली होती.