मामांची तहानलेली ज्वारी

पाण्याचा एवढा राग असलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आमचे मामेसासरे जन्मले शेलार गावात, जिथे पावसाळ्यात पाणी चुलीची विचारपूस करून जातं. पण नोकरी केली घाटावरच्या कोरडवाहू ज्वारीच्या संशोधन केंद्रात, आणि निवृत्त होऊन आले ते दुष्काळ बरोबर घेऊनच. गोदामवाल्यांकडची निळी पिंपं अर्धी कापून त्यांनी गच्चीवर बारा शेतं केली आणि त्यांत ज्वारी पेरली. पाहुण्याला लोक आल्याआल्या पाणी देतात; मामा अर्धा तास थांबवतात. "ताण दिल्याशिवाय ज्वारीचा आणि जावयाचा स्वभाव कळत नाही," हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकवलं होतं. मामींनी तर आपली तुळस शेजारणीच्या अंगणात हलवली आहे. "त्यांचा शोध लागो न्हाय तर न्हाय, माझी तुळस जगली पायजे," असं त्यांचं रोखठोक मत. परका पराग लागू नये म्हणून मामा प्रत्येक कणसाला मलमलीची पिशवी बांधतात. त्यासाठी चिंध्या आणायला निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांवर गेले, तेव्हा लूमवाल्यानं विचारलं, "चाचा, ज्वार को सर्दी लगती है क्या?" मामा गंभीरपणे म्हणाले, "सर्दी नहीं, संगत लगती है."

या सगळ्यामागे एक जुनं दुखणं होतं. उमेदीची वर्षं घालून मामांनी ज्वारीचा एक वाण काढला होता, आणि "इतरांपेक्षा विशेष काही नाही" म्हणून केंद्राच्या समितीनं तो नाकारला होता. गच्चीवरच्या एका पिंपात तोच होता. कोणत्या, ते फक्त मामांच्या वहीला ठाऊक. बाकी अकरांत इतर वाण. सगळ्यांचं पाणी तोडायचं आणि कोण टिकतो ते बघायचं.

यंदा ज्वारीच्या ऐन परीक्षेच्या वेळी मामा-मामींना लग्नासाठी सोलापूरला जावं लागलं. किल्ली माझ्या हातात देत मामा म्हणाले, "जावईबापू, आठ दिवस काहीही करायचं नाही. तुम्हाला ते चांगलं जमतं." चौथ्या दिवशी वर गेलो, तर पानं सुतळीसारखी वळलेली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारी माणसं. रोप सुकताना नुसतं बघत उभं राहणं आमच्याच्यानं होत नाही. मी बादली उचलली.

मामा परतले तेव्हा बाराही पिंपं हिरवीगार होती. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी एकेक पिंप मोजलं. "सगळेच टिकले," हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या वाणात खरंच विशेष काही नाही. समितीचं बरोबर होतं."

मी सगळं कबूल केलं. मामा असे कडाडले, की मामी जिना चढून वर आल्या.

"बाराही पिंपांना पाणी घातलंत?"

"टाकीजवळचं एक सोडून. ते ताठ उभं होतं. त्याची काही दया आली नाही."

मामांनी वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या पिंपात त्यांचाच वाण होता. मग खिशातलं पेन काढून त्यांनी पानभर काट मारली आणि खाली लिहिलं, 'प्रयोग रद्द. जावयाने पाणी घातले.'

"अहो मामा, पण तुमचाच टिकला ना?"

"टिकला. पण बाकीच्यांना पाणी मिळालं; असा निकाल धरत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात परत पेरू."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली. मामा ऐंशीला टेकलेत. पुढचा हिवाळा अजून दहा महिने लांब आहे, आणि हल्ली मी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून त्यांना बघून येतो.