एक चूल, एक कुटुंब

माणसांना प्रश्न विचारत दारोदार हिंडायची नोकरी धरली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते कुसळांसारखे साडीला चिकटून घरी येतात. सातारा-सांगलीच्या गावांतून आम्ही घरांची पाहणी करतो. काय खाता, काय कमावता, छप्पर कशाचं, पाणी कुठलं. उत्तरं टॅबलेटमध्ये जातात. ज्याला रकाना नसतो ते परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर बसतं. बाहेर उसाचे तुरे हलत असतात, डोळा लागतो, आणि त्यातलं घडलेलं कुठलं आणि स्वप्नात आलेलं कुठलं, मला कळेनासं होतं.

माझ्या जोडीला सुभेदार असतात. फौजेतून निवृत्त झालेले, आता माझ्यासारखेच कंत्राटावर. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सकाळभर समजावलं, की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. माणूस एकाच चुलीवर लिहायचा. दोनदा यायला नको आणि सुटायला तर अजिबात नको. सुभेदारांनी ते सगळं एका दमात उरकलं. "एक चूल, एक कुटुंब. खलास!"

*

इस्लामपूरजवळचं एक दुमजली घर. मालक म्हणाले, "आमी गरीब मानसं. घरात काय सुदीक न्हाई."

"फ्रिज?"

"छ्या!"

कोपऱ्यात गोधडी पांघरून काहीतरी उभं होतं. वर गणपती, हार, उदबत्ती. सुभेदारांनी कान लावला. "आत काय आहे?"

"धान्याची कोठी."

"कोठी घोरतीय की!"

लोक सांगतील तेच लिहायचं, असा नियम. मी मुकाट्यानं 'नाही' दाबलं. तेवढ्यात आतून वहिनी सरबत घेऊन आल्या. बर्फ घालून!

*

आमचे साहेब सांगलीच्या ऑफिसात बसून फॉर्म तपासतात. नव्यानं बदलून आलेले, लांबचे. एकदा फोन आला, "पाच माणसं, आणि महिनाभरात कांदा शून्य, बटाटा शून्य? घरी बसून फॉर्म भरता काय? परत जा!"

घर जैन शेतकऱ्याचं, दिवस चातुर्मासाचे. परत गेलो. काकू शेंगा निवडत शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या सायबांना जेवायलाच घेऊन या. पन दिवस मावळायच्या आत. मागनं आमी कुनालाच वाढत न्हाई."

साहेब खरंच गेले. पोटभर जेवून आले. त्यानंतर कांद्यावरून फोन आला नाही!

*

जत तालुक्यात तर ऊन असं पडतं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलतो. तिथल्या एका माउलीला विचारलं, "पिण्याचं पाणी घरापासून किती लांब?"

ती म्हणाली, "टँकर आला तर दारात, न्हाई आला तर ढगात." याला रकाना कुठला?

तिचे सासरे मेंढरांजवळ काठी टेकून उभे होते. मेंढरं किती, विचारलं तर म्हातारबा आकडा सांगायला तयार नाहीत. "मोजत न्हाई. मोजली की कमी हुत्यात."

सुभेदार चिडले. "आवं, मग एखादं हरवलं तर कळणार कसं?"

"मोकळं दिसतंय की. जी न्हाई तिची जागा मोकळी दिसती."

त्या दिवशी परतीच्या एसटीत सुभेदार खिडकीशी बसले. कवठेमहांकाळ मागं पडल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, मी सीमेवर असताना आमच्या साताऱ्याच्या घरी असेच कोणी आले होते. सहा महिने घराबाहेर असलेला माणूस धरत नाहीत म्हणून माझं नावच लिहिलं नाही. माझ्याच घरात मी नव्हतो!"

मला वाईट वाटलं. मी शेंगदाण्याची पुडी पुढं केली.

*

आणि हे कुंडलचं. दोन भावांचं वाटप झालेलं घर. मधे भिंत, दोन दारं, दोन चुली, आणि दोन्ही घरं आमच्या यादीत. आई पंधरा दिवस थोरल्याकडं, पंधरा दिवस धाकट्याकडं. अमावस्येला आणि पुनवेला तिचं ताट बदलतं. आम्ही गेलो नेमके पुनवेलाच.

थोरली सून म्हणाली, "आत्याबाई कालपातूर आमच्यात हुत्या. आजपासनं तिकडं. तिकडं लिवा."

धाकटी म्हणाली, "सांजच्याला येनार हायत. आजून एक घास खाल्ला न्हाई आमच्यात. तिकडं लिवा."

भांडण नाही, आवाज चढलेला नाही. दोन्ही फॉर्म भरून झाले आणि म्हातारी एकातही नव्हती. ती मधल्या पायरीवर उन्हाला बसून सगळं ऐकत होती.

"पोरी, मग मला कुटं लिवलीस?"

मी तिच्याजवळ पायरीवर टेकले. "आजी, तुम्हीच सांगा. कुठं लिहू?"

ती भिंतीला धरून उठली आणि आम्हाला गोठ्यामागं घेऊन गेली. तिथं तीन दगड होते. मधे ताजी राख, बाजूला मूठभर काटक्या.

"ही माजी चूल."

"एक चूल..." सुभेदार म्हणाले.

नियमाप्रमाणे विचारणं भाग होतं. "आजी, गेल्या सात दिवसांत हिच्यावर काय शिजवलं?"

"शिजवू कशाला? दोनी सुना वाढत्यात की."

"मग?"

"पेटिवती. रोज सांजच्याला, चार काटक्या. घर म्हनल्यावर धूर निगाय नको व्हय?"

यावर साहेबांचा फोन येणार हे मला दिसत होतं. मी सुभेदारांकडं पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मी 'नवीन कुटुंब' दाबलं.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

आजीनं पदर डोक्यावरून नीट ओढला आणि चुलीशेजारी ताठ बसली.

"हौसाबाई," ती म्हणाली. "आनि दोनी ल्योक पावनं म्हनून लिव. कवामवा येत्यात."