बेडीचा आवाज

रुग्णालयात कान तपासायच्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणत. भिंतींना फोम लावलेल्या त्या खोलीत त्या पेशंटच्या डोक्यावर हेडफोन चढवायच्या आणि सांगायच्या, “बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबा.” एकवीस वर्षं हेच वाक्य.

मागच्या वर्षी तापाने घरी पडून असताना दुपारी टीव्हीवर त्यांनी एक जुना वेस्टर्न चित्रपट पाहिला. घोडे आणि पिस्तुलं यांचं त्यांना काडीचंही वेड नव्हतं. उठून रिमोट शोधायचा कंटाळा आला म्हणून पाहिला. म्हातारा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, एका कैद्याला फाशीसाठी दुसऱ्या गावी घेऊन जातो, एवढीच गोष्ट. दोघं लहानपणचे मित्र, पण वाटेत अवाक्षर बोलत नाहीत. बेडीने कैद्याचं मनगट सुजतं. ओढ्यापाशी शेरीफ थांबतो, बेडी काढतो, मनगटाला आपला रुमाल गुंडाळतो आणि बेडी पुन्हा लावतो, पण एक खाच सैल. ‘खट्’ असा बारीक आवाज येतो. बस्स. बाई ताप विसरून उठून बसल्या.

बऱ्या झाल्यावर आल्यागेल्याला त्या या चित्रपटाबद्दल सांगू लागल्या. त्याला कुठे कुणी विचारत नव्हतं. इंटरनेटवर शोधलं तर ‘रटाळ’ असा एका शब्दात निकाल. बाईंच्या डोक्याला झिणझिण्या आल्या.

एका रविवारी इंटरनेटवरून तो टीव्हीवर लावून त्यांनी नवऱ्याला आणि नणंदेला बळंच समोर बसवलं.

“गोळीबार कधी आहे?” नवऱ्याने पाचव्या मिनिटाला विचारलं.

“एकच गोळी आहे. शेवटी.”

“मग तोवर मी काय करू?”

“बघा की.”

तो बघत राहिला. आणि नेमकं शेरीफने रुमाल काढला तेव्हा म्हणाला, “चहा टाकतेस का?” नणंद मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो चाळत होती. बाईंनी टीव्ही बंद केला आणि त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही.

मग त्यांनी वाचनालयाच्या ग्रंथपालांना गाठलं. महिन्यातून एकदा तिथल्या हॉलमध्ये चित्रपट दाखवत. ग्रंथपाल तीन महिने ‘बघू’ म्हणत राहिले; बाईही पिच्छा सोडेनात. शेवटी एकदाची तारीख मिळाली. सतराजण आले. नवरा आणि नणंदही आली, बहुधा घरी शांतता नांदावी म्हणून.

अर्ध्या तासात पाच खुर्च्या रिकाम्या झाल्या. मागे कुणीतरी जांभई दिली, पंखा करकरत होता. ओढा आला. शेरीफ घोड्यावरून उतरला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “आता नीट ऐका हं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो काही बोलणार नाही, पण बेडीचा आवाज...”

त्या समोर वळल्या तोवर घोडे ओढ्यापलीकडे गेले होते.

“आवाज झाला?” त्यांनी विचारलं.

“झाला असेल,” नणंद हळूच म्हणाली. “वहिनी, तू बोलत होतीस.”

उरलेला चित्रपट बाईंनी मांडीवरच्या पर्सकडे बघत काढला. ग्रंथपालांनी आभार मानले आणि पुढच्या महिन्यात विनोदी चित्रपट असल्याचं सांगितलं. लोकांवर चिडणं सोपं होतं. स्वतःवरचा राग कुठे ठेवावा तेच कळेना.

दोन दिवसांनी नवरा म्हणाला, “लाव परत. मी बघतो. पण तू आत बस.”

बाई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या. दार त्यांनी मुद्दाम किलकिलं ठेवलं. बऱ्याच वेळाने ‘खट्’ ऐकू आलं. मग पुन्हा तेच ‘खट्’. नवऱ्याने चित्रपट मागे नेऊन ती जागा परत लावली होती. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

चित्रपट संपल्यावर तो पाणी प्यायला आत आला.

“कसा वाटला?”

“बरा आहे. जरा लांबलाय.”

“लांबलाय?”

“म्हणजे, थोडा कापता आला असता.”

संध्याकाळी तो फोनवर आपल्या भावाला सांगत होता, “नाही, मारामारी नाही. तू बघ तर. आणि मध्ये बोलू नकोस कुणाशी.” पलीकडून हसल्याचा आवाज आला. बाईंनी ते ऐकलं. पण ‘लांबलाय’ अजून घशाखाली उतरलं नव्हतं.