झाडून ठेवलेली बाग

साहेब पंचनाम्याला येणार म्हणून आपल्याच नुकसानीचा पुरावा स्वतःच्या हाताने पुरून टाकणारे शेतकरी जगात दोनच. एक माझे बाबा आणि दुसरा मी. मी तर डिप्लोमावाला, हिंगण्याच्या कारखान्यात माल तपासतो, प्रताप नगरात भाड्याने राहतो. म्हणजे मला तरी अक्कल असायला हरकत नव्हती.

झालं असं, की संत्री तोडायला आठवडा राहिला असताना गावाकडे गारा पडल्या. पंधरा मिनिटांत सगळं फळ जमिनीवर. कळमन्याच्या बाजारातला व्यापारी सौदा करून गेला होता, त्याने फोन उचलणंच बंद केलं. बाबा म्हणाले, "सरकारची मदत आली तं बाग राखू. नाही तं झाडं तोडू अन् कापूस लावू." ती झाडं त्यांनी स्वतः लावलेली, माझ्याहून चार वर्षांनी लहान.

पंचनामा सोमवारी आहे असं कळलं आणि मी शनिवारची रजा टाकून गेलो. बाबा पडलेली फळं गोळा करत होते. आमच्याकडे झाडाखाली फळ सडत ठेवणं म्हणजे आळशीपणाची जाहिरात, त्यातून साहेब येणार! मीही बाह्या सरसावल्या. मोबाईलवर गाणी लावली, दोन दिवस टोपल्या वाहिल्या, बांधापाशी खड्डा खणून सगळं पुरलं. आईने फाटकाशी सडासुद्धा टाकला. बाग अशी दिसायला लागली की तिथे लग्न लावावं.

सोमवारी तलाठी आणि कृषी सहायक बाई आल्या. तलाठ्याने बागेला एक चक्कर मारली आणि विचारलं, "नुकसान कुठं आहे जी?"

बाबांनी खड्डा दाखवला.

"खड्ड्याचा पंचनामा नाही होत, काका. फळं पडलेली दिसाले पाहिजे. साफ काहून केलं?"

मला वाटलं, बाबा आता पाहुणचाराचं काहीतरी सांगतील. ते टोपी काढून म्हणाले, "पाहवत नव्हतं, साहेब."

मला माझाच राग आला. दोन दिवस मी त्यांच्या शेजारी गाणी ऐकत होतो.

बाईंनी मात्र एक फांदी खाली ओढली. साल जागोजागी फुटलेली, पानांच्या चिंध्या. "हे थोडंच झाडता येते?" त्या तलाठ्याला म्हणाल्या. "घ्या फोटो. काका, फांदीजवळ उभे राहा." बाबांनी वरची गुंडी लावली आणि लग्नातल्या फोटोसारखे ताठ उभे राहिले. "हसू नका जी," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मदत यायला उन्हाळा सरला. मधे यादीत नाव सापडेना, मग आधारचं काही जुळेना, हेलपाटे झालेच. शेवटी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तो माझ्या मोबाईलवर, कारण नंबर माझाच दिलेला. मी कारखान्याच्या गेटबाहेर येऊन बाबांना फोन केला. त्यांनी रक्कम दोनदा विचारून घेतली.

मग त्यांनी विचारलं, "मंग, राहू देऊ का झाडं?"

माझी शाळा, माझा डिप्लोमा, माझं लग्न, सगळं या माणसाने मला न विचारता ठरवलं होतं.

"राहू द्या ना, बाबा," मी म्हणालो आणि वॉचमनकडे पाठ केली.