तांडेलांना बोट लागली

तांडेलांना कुणी तब्येत विचारली की ते बोटीची तब्येत सांगत. "कसं काय तांडेल, बरं आहे ना?" असं सिस्टरने विचारावं आणि त्यांनी छातीवर हात ठेवून गंभीरपणे म्हणावं, "इंजिन गरम होतंय. पंखा पण जरा घासतोय." मी तेव्हा नुकतीच साताऱ्याहून रत्नागिरीच्या एका रुग्णालयात समुपदेशक म्हणून आले होते. माणूस आपलं दुखणं कधी कधी रूपकातून सांगतो, असं आम्हाला शिकवलेलं. त्यामुळे पहिल्याच भेटीत मी फार हळुवार आवाजात विचारलं, "इंजिन गरम होतं, तेव्हा तुम्हाला आत नक्की काय वाटतं?" तांडेल म्हणाले, "मला काय वाटायचंय? मेकॅनिकला वाटायला पायजे. कधीचा बोलावलाय, येत नाय." रूपक वगैरे काही नव्हतं. बोट खरोखरच मिरकरवाड्याच्या बंदरात बिघडून उभी होती.

तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान. जन्म केळशीचा, पण उमर सगळी रत्नागिरीच्या बंदरातून बोट काढण्यात गेलेली. वाऱ्यावरून खलाशांना हाका मारायची सवय असल्यामुळे साधं "पाणी दे" हेसुद्धा ते दोन वॉर्डांना ऐकू जाईल असं म्हणत. आणि नेमकी पाण्याचीच त्यांना बंदी होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही जन्मभर. पाणी घोटाघोटाने. नारळपाण्याचं तर नावसुद्धा काढायचं नाही. त्यांच्याबद्दल मी हे सगळं लिहिते आहे ते त्यांच्या परवानगीने. "सांगा की लोकांना," ते म्हणाले होते, "फक्त नाव सांगू नका. आणि सांगितलंत तरी चालेल, बंदरावर सगळ्यांना माहितीच हाय." मी नाव सांगत नाही.

ते माझ्याकडे आपण होऊन आले नव्हते. डायलिसिस चुकवून, धापा टाकत त्यांना एकदा रिक्षातून आणावं लागलं, तेव्हा बरे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना माझ्या खोलीकडे पिटाळलं. दाराशी उभं राहून त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. "समुपदेशन. म्हणजे उपदेशच ना? तो माझ्या घरी फुकट मिळतो." मागे त्यांची बायको उभी होती. बंदरावर सगळे तिला तांडेलीण म्हणत. ती मासळीबाजारात बसायची. ती म्हणाली, "फुकट मिळतो म्हणूनच घेत नाय." आणि तिने त्यांना पाठीवर हात ठेवून आत ढकललं.

पहिले काही आठवडे तांडेल माझ्या खोलीत आपला वेळ भरायला यावं तसे यायचे. एकदा कागदात गुंडाळून ताजी सुरमई घेऊन आले. मी सांगितलं, मी मासे खात नाही. ते एकदम खुर्चीत पुढे सरकले. "कधीपासून?" "जन्मापासून." "डॉक्टरांनी सांगितलं काय?" "नाही, आमच्या घरीच कुणी खात नाही." त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यानंतरचा सगळा वेळ त्यांनी माझी विचारपूस करण्यात घालवला. झोप लागते का, अशक्तपणा वाटतो का, घरचे यावरून बोलतात का. जाताना म्हणाले, "एवढ्या लहान वयात. पण धीर सोडायचा नाय." मी नाक दाबून ती सुरमई सिस्टरकडे पोचवली आणि लक्षात आलं, की दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी कशी करावी हे या माणसाला उत्तम कळतं. फक्त स्वतःच्या दुखण्याजवळ गेलं की तो बोटीवर उडी मारतो.

घरी त्यांचं आणि तांडेलणीचं पाण्यावरून युद्ध चालू होतं. ती तांब्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावायची. ते बंदरावर जाऊन मासळीच्या बर्फाच्या पेटीतून बर्फाचे खडे उचलायचे. वजन वाढलेलं दिसलं की डायलिसिसचे तंत्रज्ञ विचारायचे, "तांडेल, पाणी किती प्यायलात?" "पाणी? थेंब नाय." "मग हे वजन कसलं?" "बर्फाचं." "बर्फ म्हणजे पाणीच ना?" "तसं बघायला गेलं तर माणूस पण पाणीच हाय," तांडेल म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

पावसाचा जोर ओसरला तशी गोष्ट गंभीर झाली. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली होती, बोटी रंगवून तयार होत्या, नारळी पौर्णिमा जवळ आली होती. त्यांची बोट आता पुतण्या चालवणार होता. एके दिवशी ते आले आणि नेहमीच्या मानाने फारच हळू म्हणाले, "मी डायलिसिस सोडतोय. बोट घेऊन जातो. जे व्हायचं ते दर्यात होऊ दे."

मला भीती वाटली. त्याच क्षणी उपदेश करायची फार इच्छा झाली, ती मी आवरली. मी विचारलं, "तुमचा एखादा खलाशी असा आजारी पडला आणि तरी बोटीवर यायचं म्हणाला, तर काय कराल?"

"किनाऱ्यावर ठेवीन. दोन शिव्या घालीन वर."

"मग?"

"मग काय? दुसरा खलाशी घेईन." ते हातावर जिथे सुया टोचत तिथला फुगवटा चाचपत राहिले. "खलाशी दुसरा मिळतो ओ. पण मी तांडेल नसलो, तर मी कोण? घरात बसलेला म्हातारा. पाणी चोरणारा."

ते रडले. बराच वेळ रडले. मग पंच्याने तोंड पुसून म्हणाले, "तुमच्या खोलीत खारं वारं फार येतं." खिडकी बंद होती. मी म्हटलं, येतं खरं.

त्या दिवसापासून ते मला 'मॅडम' म्हणायचे सोडून 'बाय' म्हणू लागले, घरच्या मुलीला म्हणावं तसं. आणि बोटीऐवजी अधूनमधून स्वतःबद्दल बोलू लागले. आजाराचा राग, सुईची धास्ती, पुतण्याचा हेवा, हेवा वाटतो याची लाज. यातल्या कशावर माझ्याकडे औषध नव्हतं. मी एवढंच करत होते, की ते बोलत असताना उठून जात नव्हते आणि घाबरून त्यांना गप्प करत नव्हते. आठवड्यागणिक त्यांचे खांदे खाली येत गेले.

ते रडले त्याच्या पुढच्याच भेटीला मी तांडेलणीलाही बोलावलं होतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली, बाजारात बसावं तशी, गिऱ्हाईकाच्या तयारीत. मी विचारलं, "तुम्हाला यांचं पाणी सांभाळताना कसं वाटतं?" ती म्हणाली, "पाण्याचं मला काय करायचंय? प्यावं की घागरभर. मला त्यांची धाप बघवत नाय. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं होतं, ओठ निळे पडलेले. ते परत बघायचं नाय मला." तांडेल तिच्याकडे वळून म्हणाले, "हे घरी का नाय बोललीस कधी?" "घरी तुम्ही ऐकता कुठे? हितं बाई बसल्यात म्हणून गप बसलाय."

त्यावर तह झाला. कपाटाची किल्ली गेली. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरायचं, ते कधी आणि कसं प्यायचं हे तांडेलांनी ठरवायचं, तांडेलणीने बघायचं नाही. त्यांनी खोटं बोलायचं नाही. दोघांनीही तह पाळला, म्हणजे बराचसा पाळला. फक्त कुणावर तरी नजर ठेवायची तांडेलणीची सवय मोकळी राहिली, ती तिने माझ्याकडे वळवली. मी डब्यात काय आणते, लग्न का करत नाही, याची चौकशी त्यानंतर नियमाने होऊ लागली.

बोटीचंही आम्ही ठरवलं. डायलिसिस सोडायचं नाही. पण डॉक्टरांना विचारून, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, दर्या शांत असेल तेव्हा, पुतण्याबरोबर एक फेरी मारायची आणि दुपारच्या आत परत यायचं. तांडेल ठेवणीतली टोपी घालून गेले. बंदरावर निरोपाला एवढी माणसं जमली, की एखाद्याला वाटावं हे आता आफ्रिकेला निघाले.

त्यानंतरच्या भेटीला ते आले, दार लावून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "बाय, कुणाला सांगायचं नाय. मला बोट लागली."

मला आधी कळलंच नाही. आमच्या साताऱ्यात बोट लागायची सोय नाही. मग कळलं. दीपगृह मागे पडलं न पडलं तोच, मिसरूड फुटायच्या आधीपासून दर्यात असलेला हा माणूस कठड्याला धरून ओकला होता. आजवर त्यांनी कितीतरी नवख्या खलाशांची याच गोष्टीवरून टर उडवलेली. "पुतण्याने पाठीवर हात फिरवला माझ्या," ते म्हणाले. "लिंबू दिलं हुंगायला. मला. लिंबू." त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं पुन्हा खारं वारं येणार. पण त्यांना हसू फुटलं. पोट धरून, खुर्ची हलेपर्यंत हसले. मीही हसले. सिस्टर काय झालं म्हणून दार उघडून बघून गेली.

हसू ओसरल्यावर म्हणाले, "शरीराने राजीनामा केव्हाच दिलेला. मीच मंजूर करत नव्हतो." त्या आठवड्यात त्यांनी बोटीवर नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर पुतण्याला तांडेल केलं. कुणाला सांगायचं नाही म्हणालेली गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच डायलिसिसच्या प्रत्येक खाटेला सांगितली, दर वेळी ओकण्याचा भाग थोडा वाढवून.

पुढे माझ्या खोलीत महिन्यातून एकदा रुग्णांची बैठक भरू लागली. तिथे तांडेल आपोआप अध्यक्ष झाले. एकदा हेदवीकडच्या एक शिक्षिका आल्या, नुकतंच डायलिसिस सुरू झालेलं. त्या म्हणाल्या, "मला आता जगावंसंच वाटत नाही." मी बोलण्याआधी तांडेल म्हणाले, "बरोबर हाय. मला पण नव्हतं वाटत. तुम्ही घाई करू नका, दर आठवड्याला येऊन हेच सांगा. आम्ही हाय ऐकायला." त्या बाई पुढच्या वेळी आल्या. नंतरही येत राहिल्या. मी त्यांना वेगळं भेटत होते, पण हक्काने रडायला त्यांना तांडेलांची खुर्ची जवळ लागायची.

तांडेल आणखी काही वर्षं जगले. मग एका सकाळी चहाचे दोन घोट घेऊन, घरच्या खुर्चीतच, त्यांचं हृदय थांबलं. बंदरातल्या बोटी त्या दिवशी बाहेर पडल्या नाहीत. मी गेले तेव्हा तांडेलीण कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांना चहा देत होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

महिनाभराने एका दुपारी, बाजार उरकून, रिकामी टोपली घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. "मी आजारी नाय," ती म्हणाली. "तरी बसले तर चालेल?" मी खुर्ची पुढे केली. ती या वेळी टोकावर नाही, नीट मागे टेकून बसली आणि बोलू लागली. त्यांचं घोरणं, लग्नात धरलेला रुसवा, मुलीच्या बारशाला चार दिवस उशिरा आले ते, तिला एकदाही बोटीवर नेलं नाही ते. तासभर तिने नवऱ्याचं फक्त वाईट सांगितलं आणि तासभर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग टोपली उचलून दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "उद्या येते. अजून भांडण संपलं नाय."