तिखल्याचा रस

महादू गवंडी ओळंबा लावून भिंत बघायचा, तसंच ताटही बघायचा. कुडाळच्या बाजूला त्यानं बांधलेली चिऱ्याची घरं अजून एका रेषेत उभी आहेत. पण बायकोनं, सुभद्रेनं, वाढलेलं मात्र कधी त्याच्या ओळंब्यात बसलं नाही. पहिला घास घेतला की म्हणायचा, "मीठ कमी." नसलं कमी तरी म्हणायचा. त्याच्या बापाचीही तीच सवय. आणि तो पाटावरून उठल्याशिवाय सुभद्रा जेवायला बसत नसे.

मग गळ्यात गाठ निघाली. इस्पितळात किरणांची लाईट दिली, त्यात गाठ जिरली, पण गिळणं गेलं. आवाज घोगरा होत होत विझला आणि पोटाला नळी आली. आता सुभद्रा त्याला खुर्चीत ताठ बसवते, मोठ्या सिरिंजनं पातळ खाणं नळीत सोडते, मागून पाणी. जेवण हा शब्द घरातून गेलाच. "चला, नळीची वेळ झाली," एवढंच ती म्हणते.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. चुलीवर बांगड्याचं तिखलं उकळत होतं, तिरफळाचा वास ओटीवर आला. महादूनं खुणेनं मागितलं. पेज, त्यात तिखल्याचा रस. तिनं नको नको म्हटलं, शेवटी फडक्यातून दोनदा गाळून दिलं. चव लागणार नव्हती, ते दोघांनाही ठाऊक होतं. पण उकड्या तांदळाची पेज ती. निवली, आळली आणि नळी तुंबली.

इस्पितळात सिस्टरनं नळी बदलली आणि सुभद्रेला धारेवर धरलं. "आजी, ही नळी आहे, गटार नाही. कुणाचं हे डोकं?" सुभद्रा पदर चुरगळत उभी राहिली. महादूनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं असतं तरी पुरे होतं. तो पंख्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून घरात मासा शिजला नाही. त्याला वाटलं, बाईला वीट आला असेल. परवा मासेवाली फिलोमिना पाटी घेऊन अंगणाच्या बेड्यातून, फाटकातूनच, ओरडली, "काय रे महादू, तुज्या बायलेक रोजचोच सोमवार? म्हणता, घोवाक वास येतलो, जीव तळमळतलो. मागल्या पडवीत पेज नि मीठ खाता ती, उबी रवान."

महादूनं बांगडे घेतले आणि चुलीपुढे नेऊन ठेवले.

"ह्या कित्याक? वास येतलो तुमका."

त्यानं पोटाची नळी दाखवली, पेजेचं मडकं दाखवलं आणि मग छातीवर बोट ठेवलं. इतक्या उशिरा.

"माका काय नवीन सांगतास? थंय मीच होतंय मां," सुभद्रा म्हणाली आणि विळीवर बसली.

तिखलं झाल्यावर तिनं सिरिंज आणली. त्यानं ती बाजूला सारली, तिच्यासाठी पाट मांडला. आधी तू. ती बराच वेळ उभी राहिली, मग बसली. पहिला घास घेतला आणि सवयीनं वर बघितलं. "मीठ?"

विचारलं आणि हात ताटातच राहिला.

महादूनं अंगठ्याला बोट जुळवलं. बरोबर.

"जेवत होतास तेवा कदी सांगलास नाय," ती खाली बघत म्हणाली. "आता न खाता सांगतास. कमीच आसा आज."

महादूनं मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.