निळ्या मखमलीतली खाच

केतकीचा फोन आला तेव्हा मी लंडनच्या वेम्बलीत भाजीच्या दुकानाबाहेर मेथीची जुडी निवडत होते. "मावशी, बाबा गेले... आय थॉट, झोपलेत." कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे बागेकडच्या काचेच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत, ऑगस्टच्या उन्हात, मांडीवर उघडं पुस्तक आणि बोटांत भिंग तसंच. पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही. मेथी मात्र हातात घट्ट धरून मी फुटपाथवर उभी होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एजवेअरला त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. यांनी जमवली जुनी, देखणी रिव्हॉल्व्हरं आणि त्यांच्यावरची पुस्तकं. आयुष्यात कधी माशी मारली नसेल या माणसाने! मला त्या वस्तूंचा मनस्वी तिटकारा, आणि मी तो तोंडावर सांगायचे. ते हसायचे. "सुधा, तू नुसतं ऐक," म्हणायचे आणि रिव्हॉल्व्हरची रिकामी चक्री बोटाने हळूच फिरवायचे. टिक... टिक... टिक... ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटायचे आणि ते कुठेतरी दूर निघून जायचे. पुस्तकांचंही तसंच. चित्रातल्या मुठीवरची वेलबुट्टी भिंगातून बघत बसले की समोरचा चहा गार व्हायचा, खिडकीतलं ऊन पानांवरून सरकत जमिनीवर यायचं, आणि आपण कुठल्या शतकात आहोत याचा त्यांना पत्ता नसायचा.

खंडेनवमीला आम्ही बाकीचे मराठी लोक स्वयंपाकघरातल्या सुरीला कुंकू लावून शस्त्रपूजा उरकायचो. ताईकडे मात्र पाटावर खरी शस्त्रं, त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्याच पाटावर ती जाडजूड पुस्तकं. मी चेष्टा करायचे, पण प्रसादाचा शिरा खायला वेळेवर हजर असायचे.

पुढे सरकारने हँडगनवर बंदी आणली. भाऊजींनी सगळी रिव्हॉल्व्हरं मुकाट्याने पोलिसांकडे जमा केली. एकच उरलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, इतकं जुनं की त्याची काडतुसंसुद्धा आता कुणी बनवत नव्हतं. कायद्याच्या लेखी ती शोभेची वस्तू. निळ्या मखमलीची त्याची पेटी होती आणि मखमलीत त्याच्याच आकाराची खाच. ताई गेल्यावर त्या घरात भाऊजी, पुस्तकं आणि ही पेटी एवढीच सोबत राहिली.

मग केतकीला मुलगी झाली. मीरा तीन-चार महिन्यांची असेल, केतकी एकटीच आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, मला माहितीये ते अँटिक आहे, लीगल आहे. पण आय जस्ट कान्ट. ते घरात असेपर्यंत मी मीराला इथे नाही आणणार." भाऊजी "बरं" म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. मला एरवी आनंद व्हायला हवा होता. त्या दिवशी मात्र त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघवेना.

थोड्याच दिवसांत त्यांनी ते एका संग्रहालयाला देऊन टाकलं. पुढच्या रविवारी मीरा आली. "बाबा, वाईट नाही ना वाटत?" केतकीने विचारलं. "छे गं! तेलपाणी करून कंटाळलो होतो. सुटलो एकदाचा." त्यानंतर कित्येक रविवार मी त्या दोघांना कॉन्झर्व्हेटरीत पाहिलं आहे. गालिच्यावर उघडं पुस्तक, त्यावर पालथी पडलेली मीरा, आणि वेलबुट्टीवरून तिचं बोट फिरवत एखाद्या राजवाड्याची गोष्ट सांगावी तसे बोलणारे भाऊजी. पानांच्या कडांना तिच्या जॅमचे डाग आहेत. पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी कासावीस होणारा हा माणूस, पण ते डाग त्याने पुसू दिले नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी भाऊजींचं घर आवरत असताना केतकीने ती पेटी उघडली. रिकामीच असणार, म्हणून चॅरिटी शॉपला द्यायच्या ढिगात ठेवणार होती. खाचेत, जिथे मूठ बसायची तिथे, मखमलीवर कुंकू होतं. खाली काळपट झालेलं, वर ताजं लाल. शेजारी झेंडूची एक वाळकी पाकळी. म्हणजे दर खंडेनवमीला, कुणाला न सांगता, हा माणूस त्या रिकाम्या जागेची पूजा करत होता...

"मावशी, बाबा म्हणाले होते, सुटलो."

"म्हणाले होते खरं," मी म्हटलं. "पण मीरा आली की त्यांचा चेहरा बघितला होतास ना? ते मात्र खोटं नव्हतं."

केतकी रडली, मीही रडले. ज्या वस्तूपायी तिने मीराला या घरी आणायला नकार दिला होता, तिची पेटी ती छातीशी धरून स्वतःच्या घरी घेऊन गेली.

परवा खंडेनवमीला सकाळीच तिचा फोन. "मावशी, झेंडू नाही मिळाला. ऑरेंज जर्बेरा आहे, चालेल? आणि कुंकू कुठे लावायचं, नळीच्या जागी की मुठीच्या?"

"जर्बेरा चालेल," मी म्हटलं. "कुंकू मुठीच्या जागी लाव. बाबांचा हात तिथे असायचा."